गार पाण्यातला वॉलआय: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या वाचकांकडून थंडीतल्या नदीवरच्या मासेमारीचे प्रश्न मागवले होते. भरपूर आले, आणि बहुतेकांचा रोख एकच होता की पाणी इतकं गार असताना वॉलआय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा असतो कुठे आणि तो गळाला लागतो कसा. त्यातले काही इथे घेतलेत.

मी रॉचेस्टर, मिनेसोटाला राहतो. फेब्रुवारीच्या शेवटी तळ्यांवरचा वॉलआयचा सीझन बंद होतो आणि मग मेपर्यंत नुसतं बसून राहायचं. ऑफिसातले लोक म्हणतात रेड विंगला जा, तिथे चालू असतो. खरंय का? आणि एवढ्या थंडीत मासा तिथेच का गोळा होतो?

खरंय. मिनेसोटाच्या आतल्या पाण्यावर वॉलआय फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो तो मेच्या मध्यापर्यंत, पण मिसिसिपीचा जो पट्टा मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या हद्दीवर आहे तिथे बारा महिने चालू असतो. फक्त एक लक्षात ठेवा, हद्दीवरच्या पाण्याचे आकाराचे आणि संख्येचे नियम वेगळे असतात आणि ते मधूनमधून बदलतात, त्यामुळे मित्राने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, डीएनआरची (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची) त्या वर्षीची पुस्तिका काढून बघा.

आता मासा तिथे का. रेड विंगच्या जरा वर लॉक अँड डॅम (बोटी वरखाली नेणारे दरवाजे असलेलं धरण) नंबर ३ आहे आणि खाली आल्मापाशी नंबर ४, या दोघांमधल्या पाण्याला पूल ४ म्हणतात. याच पूलच्या मध्ये लेक पेपिन येतं, वीसेक मैल लांब, आणि ते माणसाने बांधलेलं नाहीये. चिपेवा नदी विस्कॉन्सिनकडून इतकी वाळू घेऊन येते की त्या वाळूने मिसिसिपीलाच अडवलं आणि मागे पाणी पसरलं. उन्हाळाभर पेपिनमध्ये चरलेला वॉलआय आणि त्याच्याच जातकुळीतला सॉगर पाणी गार व्हायला लागलं की वर सरकायला लागतो, कारण त्याला वसंतात अंडी घालायची असतात. पाणी साधारण ४२ ते ५० फॅरनहाइटला आलं की अंडी घालतात, पण त्याच्या कितीतरी महिने आधीपासून ते वरच्या अंगाला येऊन थांबतात, आणि वर जाता जाता पुढे धरण आडवं येतं. म्हणून धरणाच्या खालचे काही मैल नोव्हेंबर ते एप्रिल मासळीने भरलेले असतात.

आणि पाणी उघडं का राहतं तर एक म्हणजे धरणातून येणारं पाणी घुसळत येतं, दुसरं म्हणजे प्रेअरी आयलंडचं अणुवीज केंद्र या धरणाच्या किंचित वर आहे आणि त्याचं गरम पाणी नदीत मिसळतं. त्यामुळे खाली पेपिन पांढरंशुभ्र गोठलेलं असताना इथे लोक बोट टाकतात. पेपिनचा बर्फ इतका टिकतो की दर वसंतात पहिली टोबोट (मालाचे तराफे ढकलणारी बोट) पेपिन फोडून सेंट पॉलला पोचली की मगच वरच्या मिसिसिपीचा वाहतुकीचा सीझन सुरू झाला असं मानतात.

पण "धरणाखाली मासा आहे" एवढं कळून भागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की थंडीत मासा शोधत बसू नका, पाण्याची ओढ वाचा. वॉलआयचं रक्त थंड, पाणी ३४ फॅरनहाइटला असताना त्याचं सगळं शरीर मंद चालतं, त्याला खायला कमी लागतं आणि पळायची ताकद तो जपून वापरतो. मग तो कुठे बसेल, जिथे त्याला ओढीशी झगडावं लागणार नाही पण शेजारून खाणं वाहत जाईल. म्हणजे वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं ती रेघ, डोहाच्या वरच्या तोंडाचा उतार, वाळूचा दांडा संपून तळ खाली जातो ती कड. काठावर उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघितलं तरी ती रेघ दिसते, एका बाजूला फेस आणि काटक्या पळतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच काटक्या जागच्या जागी फिरत राहतात.

त्या रेघेच्या संथ बाजूला, तळाला लागून. तळाला लागून हे विसरू नका. कुठल्याही नदीत तळापाशी पाण्याचा वेग वरच्यापेक्षा कमी असतो कारण दगडवाळूला घासून तो मरतो, आणि वॉलआय त्या खालच्या फूटभर पट्ट्यातच पडून असतो.

मिसिसिपीवर अजून एक जागा म्हणजे विंग डॅम. काठापासून पात्रात घुसलेले दगड आणि झाडोऱ्याचे बांध, सरकारने १८७८ पासून बोटींसाठी साडेचार फूट खोलीची वाट राखायची ठरवल्यावर आर्मी कोअरने (लष्कराच्या अभियंता विभागाने) असे शेकड्यांनी बांधले, म्हणजे पाणी मधोमध ढकललं जाऊन पात्र आपोआप खणलं जाईल. मग १९३० मध्ये नऊ फुटांची वाट मंजूर झाली, लॉक अँड डॅम उभी राहिली, पाणी चढलं आणि ते बांध खाली गेले. आज वरून फक्त पाण्यावर एक सुरकुती दिसते. त्यांच्या वरच्या तोंडाला पाणी आपटून मंद होतं आणि मासा तिथे नाक लावून बसतो. बोटवाल्यांनी मात्र जपून, तुमच्या प्रॉपेलरलाही तेच दगड लागतात.

मला वाटतं मासा लागतो पण मला कळतच नाही. शेजारच्या बोटीतला म्हातारा तेच जिग (डोक्याला वजन असलेला गळ), तेच मिनो (आमिषाचे छोटे मासे) वापरून एकामागून एक काढतो आणि मी वर ओढतो तेव्हा मिनो अर्धा खाल्लेला असतो. काय चुकतंय? — ला क्रॉस, विस्कॉन्सिन

तुमचं बहुतेक जिग जड आहे, लाइन तिरकी आहे आणि हात घाईत आहे. तिन्ही सांगतो.

जिगच्या वजनाचा हिशोब असा की तळ जाणवेल इतकं जड आणि त्याहून जराही जास्त नाही. संथ पाण्यात पंधरा फुटाला पाव औंस पुरतं, ओढ वाढली किंवा खोली वाढली तर तीन अष्टमांश किंवा अर्धा, आणि उथळ संथ जागी एक अष्टमांशसुद्धा चालतं. मासा दात लावून ओढत नाही, तो तोंड उघडून पाण्यासकट आत घेतो, आणि जिग जितकं हलकं तितकं ते सहज आत जातं.

लाइन सरळ खाली पाहिजे. नदीवरचे लोक बोट ओढीच्याच वेगाने वाहू देतात आणि पुढच्या ट्रोलिंग मोटरने (छोट्या विजेच्या मोटरने) नुसते बारीक धक्के देत राहतात, वाऱ्याने बोट ढकलली की मोटर उलट, अशाने लाइन रॉडच्या टोकाखाली उभी राहते. लाइन एकदा का तिरकी झाली की तिच्यात पोट पडतं आणि मग खाली काय चाललंय ते तुमच्या बोटापर्यंत पोचतच नाही. त्या म्हाताऱ्याकडे पुढच्या वेळी बघा, त्याचं अर्धं लक्ष मोटरच्या पेडलवर असेल.

आता हात. जिग तळाला टेकवा, चारपाच इंच उचला, धरून ठेवा. धरून ठेवा म्हणजे खरंच धरून ठेवा, मनात दहा मोजेपर्यंत. पुन्हा टेकवा. उन्हाळ्यात जसं आपण टकटक उडवत राहतो तसं गार पाण्यात करू नका. जिग खाली सोडताना लाइन सैल टाकायची नाही, रॉडचं टोक जिगच्या वेगाने खाली न्यायचं, कारण निम्म्याहून जास्त वेळा मासा खाली जाणाऱ्या जिगलाच तोंड लावतो आणि लाइन सैल असली की तुम्हाला पत्ताच नाही. मग कळतं काय, तर कधी बारीकसा "टक्", काचेवर नख वाजवावं तेवढा. बऱ्याचदा तेही नाही. तुम्ही पुन्हा उचलायला जाता आणि जिगवर कोणीतरी ओलं फडकं टाकल्यासारखं जड लागतं, बस. तेवढ्यावर मनगटाने उचलायचं. विचार करत बसलात तर मिनो गेला.

मिनो अर्धा खाल्लेला येतो म्हणजे मासा मागून चावून सोडतोय, त्याला स्टिंगर लावा, म्हणजे जिगच्या हुकला बांधलेली दोनतीन इंचाची लाइन आणि टोकाला छोटा तीन काट्यांचा गळ, त्यातला एक काटा मिनोच्या शेपटीजवळ हलकेच टोचायचा किंवा मोकळा सोडायचा. फॅटहेड मिनो जिगच्या हुकमध्ये तोंडातून घालून डोक्याच्या मागून काढला की ओढीत जास्त वेळ टिकतो.

लाइनचं म्हणाल तर मी आठ पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे दोनतीन फूट फ्लुओरोकार्बनचा लीडर (टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) वापरा असं सांगेन. साधी नायलॉन गार हवेत कडक होते, रीलवरून स्प्रिंगसारखी वेटोळी घेत उतरते. रॉड सव्वासहा फुटांच्या आसपास, मीडियम लाइट, टोक चपळ.

मिनो नसला तर प्लास्टिकचं आमिष चालतं का असं अजून दोघांनी विचारलंय. चालतं, आणि पूल ४ वर तर लांब शेपटीचे रिंगवर्म लोक मिनोइतक्याच भरवशाने वापरतात, विशेषतः मार्चमध्ये पाणी चढून उथळ वाळूवर मासा येतो तेव्हा. तिथे उभं जिगिंग सोडून जिग लांब फेकायचं किंवा बोटीमागे ओढीच्या विरुद्ध अगदी सावकाश ओढायचं. ब्लेड बेट म्हणजे पातळ धातूची पट्टी, तीही गार पाण्यात चांगली, पण उचल फूटभरच, तिची थरथर एकदा हाताला लागली की थांबायचं आणि ताणलेल्या लाइनवर खाली जाऊ द्यायची.

रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो, पाच मिनिटांत लाइन हलेना. उपाय? — एप्लटन, विस्कॉन्सिन

रॉडचं टोक पाण्यात बुडवा, नदीचं पाणी गोठणबिंदूच्या वर आहे म्हणजे हवेपेक्षा गरमच, बर्फ सुटतो. कडं दाबून बर्फ फोडू नका, आतली रिंग तडकते. निघायच्या आधी कड्यांना लिप बाम किंवा तेलाचा स्प्रे लावला तर जरा वेळ मिळतो, पण पुन्हा पुन्हा लावावं लागतं. ब्रेड पाणी धरून ठेवते त्यामुळे ती लवकर गोठते, फार कडाक्याच्या दिवशी फ्लुओरोकार्बन मेन लाइन घेतलेली बरी. उभ्या जिगिंगला लाइन फार आतबाहेर होत नाही म्हणून हा त्रास कमी, फेकून ओढण्यात जास्त.

हातांसाठी एकच, मिनोच्या बादलीत हात घालू नका, छोटी जाळी ठेवा. ओला हात एकदा गारठला की तासभर कामाचा राहत नाही.

नवरा आणि त्याचे दोन मित्र जानेवारी-फेब्रुवारीत सोळा फुटी बोट घेऊन मिसिसिपीवर जातात. मी काही म्हटलं की "अगं आम्हाला पोहता येतं" हे उत्तर. माझी भीती उगाच आहे का? — ट्विन सिटीजजवळून

ताई, भीती अजिबात उगाच नाहीये, आणि हे उत्तर तुम्ही त्यांना वाचून दाखवा.

पोहता येण्याचा इथे फारसा संबंधच येत नाही. बर्फासारख्या पाण्यात माणूस पडला की पहिल्यांदा जोरात श्वास आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. इथले बचाववाले १-१०-१ असा आकडा शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, नंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गारठून शुद्ध जायला एक तास. म्हणजे गारठून मरायला वेळ लागतो पण त्याच्या कितीतरी आधी हात आखडतात, बोटीची कड धरता येत नाही, जॅकेटची क्लिप लावता येत नाही. त्या एका तासाचा उपयोग फक्त ज्याने लाइफ जॅकेट आधीपासून घातलंय त्याला. बोटीत सीटखाली ठेवलेल्या जॅकेटचा काही उपयोग नाही. जाड कपड्यांवर बसेल अशा मापाचं जॅकेट घ्या, किंवा तरंगणारा फ्लोट सूट मिळतो तो घ्या, महाग आहे पण थंडीत बोटीवर जाणाऱ्याने रॉडच्या आधी तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी काय विचारायचं ते सांगतो. धरणाच्या जवळ किती जातात? कोअरच्या धरणांना वर सहाशे फूट आणि खाली दीडशे फूट मनाई आहे, पाट्या आणि दिवे लावलेले असतात, आणि खालच्या बाजूला पाणी उलटं फिरून धरणाकडे ओढतं, त्यात बोट भरते. नांगर कुठून टाकतात? फक्त नाकाडावरून टाकायचा. मागून टाकला तर ओढ मोटरची बाजू खाली दाबते आणि पाणी आत येतं, मोठमोठ्या बोटी अशाने बुडाल्यात. तिघं, त्यांचे थंडीचे कपडे, बॅटऱ्या, हीटर, हे सगळं मिळून बोटीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाच्या आत आहे का? फोन वॉटरप्रूफ पिशवीत अंगावर आहे की बॅगेत? कोणत्या रॅम्पवरून (बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून) उतरले आणि किती वाजता परत येणार हे तुम्हाला लिहून देतात का? एक जादा कोरड्या कपड्यांचा जोड गाडीत आहे का?

रॅम्पवरही सांभाळायला सांगा. बोट वर काढताना तिच्यातून गळलेलं पाणी लगेच गोठतं आणि मागची गाडी घसरत नदीत जाते. वाळूची पिशवी सोबत ठेवायची.

आणि नदीच्या बर्फावर चालत जाऊन मासे धरायचा कोणी बेत काढला तर सरळ नाही म्हणा. तळ्याचा चार इंच स्वच्छ बर्फ माणसाला पेलतो, नदीत खालून ओढ बर्फ खात असते, इथे सहा इंच आणि दहा पावलांवर एक इंच असा प्रकार असतो.

बोट नाही, विकत घ्यायचीही नाही. मॅडिसनहून जवळ काठावरून काही होतं का?

होतं की. विस्कॉन्सिन नदीवर प्रेअरी दु सॅकचं धरण तुमच्यापासून फार लांब नाही, आणि ते त्या नदीवरचं शेवटचं धरण, तिथून मिसिसिपीपर्यंत नव्वद मैलांवर नदी मोकळी वाहते. म्हणजे खालून वर येणाऱ्या माशाला अडवणारं पहिलं धरण तेच. थंडीत तिथे बॉल्ड ईगल जातीचे गरुडही जमतात, तेही मासळीसाठीच. त्या पट्ट्याचे वॉलआयचे नियम पुस्तिकेत नदीच्या नावाखाली वेगळे दिलेत ते बघून जा.

काठावरून मासे धरणाऱ्याला एक फायदा असतो. वॉलआय अंधार पडला की उथळ पाण्यात काठाजवळ येतो, बोटवाले तोवर घरी गेलेले असतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जागेवर असा, काठच्या दगडांपाशी जिथे ओढ वळण घेऊन मंद होते तिथे एक अष्टमांशाचं जिग आणि प्लास्टिक वरच्या बाजूला फेका आणि ओढीबरोबर घरंगळत येऊ द्या, रील फक्त सैल लाइन गोळा करण्यापुरती फिरवा. अडकतं, तुटतं, त्याला इलाज नाही, स्वस्तातली जिग्ज भरपूर न्या. कमरेपर्यंतचे वेडर (पाणी न शिरणारी विजार) घालून पाण्यात उतरायचा मोह होईल, पण गार पाण्यात पट्टा न बांधता उतरू नका आणि एकटे तर नकोच.

वॉलआय आणि सॉगर ओळखायचा कसा? पकडल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. — पिओरिया, इलिनॉय

शेपटी बघा. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, सॉगरला नसतो, फार तर खालच्या कडेने एक फिकट रेघ. मग पाठीवरचा काटेरी पर उघडा, सॉगरच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, वॉलआयचा पर साधा आणि मागच्या मुळाशी एकच काळा डाग. सॉगरच्या अंगावर गडद पट्टे खोगिरासारखे आडवे पडलेले असतात. दोघांचा संकर सॉगआयसुद्धा होतो, त्याच्यात दोन्हीकडच्या खुणा मिसळतात. किमान मापाचा नियम बऱ्याच ठिकाणी फक्त वॉलआयला असतो, त्यामुळे ही ओळख दंडाच्या दृष्टीनेही महत्त्वाची.

तुमच्या इलिनॉय नदीवर तर सॉगरच जास्त, स्टार्व्हड् रॉकच्या खाली स्प्रिंग व्हॅलीपर्यंत मार्चमध्ये बोटींची रांग लागते. तुमचा दुसरा प्रश्न पावसाने नदी अचानक चढून गढूळ झाली तर जावं का. नदी चढत असताना मधला डोह सोडा. ओढ वाढली की मासा काठाकडे सरकतो, बुडालेल्या गवताच्या कडेला, ओढ्यांच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या आडोशाला, कधीकधी चारपाच फूट पाण्यात. रंग भडक घ्या, शार्ट्रूज (पिवळट पोपटी) किंवा नारिंगी, आणि जिग जास्त सावकाश. नदी उतरायला लागली की ते पुन्हा खोलात जातात. लाकडं वाहत येत असतील तर मात्र त्या दिवशी बोट काढू नका.

मी बारा वर्षांची आहे. बाबांनी रात्री टॉर्च मारला तर माशाचे डोळे मांजरीसारखे चमकले. असं का? — डेव्हनपोर्ट, आयोवा

फार छान बघितलंस गं. वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यामागे एक चकचकीत थर असतो, टॅपेटम लुसिडम नावाचा. डोळ्यात आलेला उजेड पडद्यातून एकदा पुढे जातो आणि या थरावर आपटून पुन्हा मागे येतो, म्हणजे त्याच उजेडाचा डोळ्याला दोनदा उपयोग. म्हणून गढूळ पाण्यात आणि अंधारात त्याला छोट्या माशांपेक्षा चांगलं दिसतं आणि तो तेव्हाच शिकारीला निघतो. भर उन्हात तो खोल जाऊन बसतो. मांजरीच्या डोळ्यातही असाच थर असतो, तुझी उपमा अगदी बरोबर आहे. बाबांना सांग दुपारी नको, संध्याकाळी न्या.

मी देवगडची. मुलाकडे आले आहे, तो नदीवरून वॉलआय घेऊन येतो. कशी करायची ही मासळी? कालवण केलं तर टिकेल का? सून गरोदर आहे, तिला द्यावी का? — दुब्यूक, आयोवा

काकू, आधी सुनेचं. नदीच्या माशात पारा असतो, आणि मिसिसिपीच्या काही पट्ट्यांत पीएफएएस नावाची रसायनंही सापडली आहेत. मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त साठलेला. प्रत्येक राज्याचा आरोग्य विभाग कुठल्या पाण्यातला कुठल्या मापाचा मासा महिन्यात किती वेळा खावा याचा तक्ता देतो, त्यात गरोदर बायका आणि लहान मुलांचा रकाना वेगळा आणि बराच कडक असतो. मुलाला तो तक्ता काढायला सांगा, सुनेच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि मोठा मासा तर तिला देऊच नका. पीएफएएस शिजवल्याने जात नाही आणि पाराही जात नाही, त्यामुळे जास्त उकळलं की झालं असं नाही.

आता करायची कशी. मांस पांढरं, घट्ट आणि चवीला फार सौम्य, आपल्या समुद्राच्या मासळीचा वास त्याला नाही. इकडे लोक कातडी काढून फिलेट करतात, मुख्य काटा त्यातच जातो, पण डोक्याकडच्या अर्ध्यात मधोमध बारीक काट्यांची ओळ राहते, बोट फिरवलं की लागते, ती पट्टी सुरीने व्ही आकारात कापून टाका. रवा फ्रायला उत्तम. पण मीठ, हळद, लाल तिखट आणि आगळ लावून दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, सुरमईसारखे जाड तुकडे नाहीत, आंबट जास्त वेळ राहिलं की फिलेट मऊ पडते. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळा आणि तवा चांगला तापू द्या.

कालवणही होतं. ओलं खोबरं आणि तिरफळ घालून केलंत तर छानच लागेल, पण मसाला पूर्ण शिजून उकळी आल्यावर शेवटी तुकडे सोडा, झाकण ठेवा, चारपाच मिनिटांत गॅस बंद, आणि डाव घालू नका, भांडं हलवा. गालाचे दोन गोल तुकडे फेकू देऊ नका मुलाला, मोठ्या वॉलआयमध्ये सगळ्यात चविष्ट तेच, आणि डोकं-काटा घालून सार केलंत तर त्याला गोडी येते.

एच-४ व्हिसावर आहे. लायसन्स मिळतं का, की सिटिझन लागतो? — ईगन, मिनेसोटा

मिळतं. नागरिकत्वाचा संबंध नाही, राहण्याचा आहे. मिनेसोटात सलग साठ दिवस राहिलात की रेसिडेंट दराने. मिनेसोटाचं लायसन्स वर्ष १ मार्चला सुरू होतं, विस्कॉन्सिनचं १ एप्रिलला, फेब्रुवारीत घेताना तारीख नीट बघा. सोळाच्या आतल्या मुलांना दोन्हीकडे लागत नाही. आणि मिनेसोटात बाहेरच्या राज्यातून जिवंत मिनो आणायला बंदी आहे, परतताना बोटीतलं पाणी काढून ड्रेन प्लग उघडा ठेवूनच रस्त्यावर यायचं.

मार्चच्या शेवटी २८ इंची मादी लागली, पोट गाभोळीने टम्म. मित्र म्हणाले ठेव, मी सोडली. आता ते चिडवतात. गाभोळी तर आपण आवडीने खातो, मग सोडायची का? — विनोना, मिनेसोटा

चांगलं केलंत, आणि पुढेही सोडा. इतकी मोठी मादी लाखाच्या वर अंडी घालते, आणि इकडच्या गार पाण्यात ती एवढी व्हायला दहा वर्षं किंवा जास्तही लागलेली असतात. धरणाखाली महिनाभर त्याच माद्या एका जागी अडकलेल्या असतात आणि वरून रोज बोटी फिरतात, अशा वेळी प्रत्येकाने एकेक ठेवली तर काही वर्षांत त्या पूलमध्ये मोठी मासळी दिसणार नाही. खायला पंधरा ते अठरा इंचांचे नर त्याच डोहात भरपूर असतात, चव त्यांची जास्त चांगली आणि पाराही कमी. गाभोळीची हौस असेल तर ती दुसऱ्या मासळीची भागवा.

सोडतानाची पद्धतही तितकीच महत्त्वाची. हात ओले करून धरा, कोरड्या लोकरी हातमोज्याने अंगावरचा चिकट थर निघतो. कल्ल्यात बोटं घालून उभी लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. दहा फॅरनहाइटच्या हवेत फोटोसाठी बाहेर धरून ठेवली तर डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठायला लागतात, म्हणून फोन आधी तयार ठेवा, मासा जाळीत पाण्यातच असू द्या, एक फोटो आणि लगेच पाण्यात. आणि पंचवीस-तीस फुटांच्या खालून काढलेला वॉलआय बहुतेकदा वाचत नाही, त्याच्या पोटातली हवेची पिशवी वर येताना फुगते आणि ती हवा त्याला तोंडावाटे सोडता येत नाही. तेव्हा मासे सोडायचेच असतील तर खोल डोहावरून बोट हलवा आणि वीस फुटांच्या आतल्या उतारावर जिग टाका.